हुद्दा नव्हे, काम मोजतात!

ऑफिसात नवी संगणकप्रणाली आली, तेव्हा जुन्या वह्यांमधली माहिती कोणी भरून घेतली? पुरवठादाराच्या मागे कोण लागलं? कोणाचं प्रशिक्षण कधी, हे कोणी ठरवलं? बऱ्याच ठिकाणी उत्तर एकच असतं, आपल्यातलीच कुणीतरी! तिच्या नावापुढे हुद्दा मात्र 'सहायक' एवढाच.

मैत्रिणींनो, याच कामाला 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट' म्हणतात, आणि त्याचं जगभर चालणारं प्रमाणपत्र मिळवता येतं. पीएमपी, म्हणजे 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल'. अमेरिकेत 1969 मध्ये स्थापन झालेली 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट' (पीएमआय) ही परीक्षा 1984 पासून घेते. ही आयटीवाल्यांची परीक्षा, असा आपला समज. पण बांधकाम, दवाखाना, बँक, कारखाना, स्वयंसेवी संस्था, कुठलाही अनुभव चालतो.

अर्ज हाच पहिला पेपर

पदवीधर असाल तर प्रकल्प चालवण्याचा 36 महिन्यांचा अनुभव आणि 35 तासांचं प्रशिक्षण लागतं. पदवी नसेल तर अनुभव जास्त लागतो. हुद्दा 'मॅनेजर'चा हवा, असं मुळीच नाही. तुम्ही काय केलंत, हे पाहतात. म्हणून "साहेबांना मदत केली" असं लिहू नका. काम काय होतं, किती दिवसांचं, किती माणसं होती, तुम्ही काय ठरवलंत आणि शेवटी काय झालं, ते लिहा. जे केलं तेच लिहा, पण कमी करून लिहू नका. अर्जाची तपासणी होऊ शकते. तेव्हा जुन्या वरिष्ठांकडून कामाला दुजोरा मिळवावा लागतो. त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

"घरातली चार लग्नं पार पाडली, हे मॅनेजमेंट नाही का?" आहे हो! पण घरगुती समारंभ पीएमआय अनुभवात धरत नाही. फार जुना अनुभवही धरत नाही. मुलं लहान म्हणून नोकरी सोडली असेल, तर हे आधी पाहा. अनुभव कमी पडला तर 'सीएपीएम' ही धाकटी परीक्षा आहे. तिला अनुभवाची अट नाही. शालेय शिक्षण आणि 23 तासांचं प्रशिक्षण पुरतं.

आणखी एक, खास आपल्यासाठी. पदवीवर माहेरचं आडनाव, ओळखपत्रावर सासरचं, असं अनेकींचं असतं. परीक्षेच्या दिवशी ओळखपत्रावरचं आणि अर्जावरचं नाव जुळायलाच हवं. म्हणून अर्ज ओळखपत्राप्रमाणेच भरा.

"मीच करून टाकते" चालत नाही

जानेवारी 2021 मध्ये आलेल्या आराखड्यात 180 प्रश्न आणि 230 मिनिटं होती. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिट. आराखडा दर काही वर्षांनी बदलतो. त्यामुळे कुणाच्या जुन्या नोट्स आणण्याआधी पीएमआयच्या वेबसाइटवरचा चालू आराखडा उतरवून घ्या. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नका.

पाठांतराचे प्रश्न थोडेच असतात. बहुतेक प्रश्न प्रसंगावर असतात. उदाहरणार्थ, माल दहा दिवस उशिरा येणार असं ठेकेदार सांगतो. तुम्ही आधी काय कराल? साहेबांना फोन? की रात्री जागून काम स्वतःच उरकणार? आपल्याला या दोन्हींची सवय असते, आणि इथे सहसा दोन्ही उत्तरं चुकतात. आधी या उशिराचा कामावर काय परिणाम होतो ते तपासायचं, मग संबंधितांशी बोलून मार्ग काढायचा, अशी अपेक्षा असते. सराव प्रश्न सोडवताना चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढे 'का चुकलं' ते एका वहीत लिहा. पंधरा दिवसांत आपली सवय कुठे आड येते ते कळतं.

अभ्यासाचाही प्रकल्प करा

रोज दीड तास धरला तर तीन-चार महिने हाताशी ठेवा. दिवाळी, मुलांच्या परीक्षा, लग्नसराई कॅलेंडरवर आधीच खुणा करून टाका. या विषयाचा एक साधा नियम आहे. काम वाढलं, की वेळ तरी वाढवायचा नाहीतर माणसं. मग अभ्यास वाढल्यावर संध्याकाळच्या पोळ्या कोण करणार, हे घरात बसून ठरवा आणि फ्रिजवर लावा. सगळं आवरून रात्री अकराला पुस्तक उघडायचं, ही योजना आठवडाभरही टिकत नाही.

परीक्षा घरूनही देता येते. पण खोलीत दुसरं कुणी येता कामा नये. कॅमेरा सुरू असतो, आणि वीज किंवा इंटरनेट गेलं तर पंचाईत. ती खात्री नसेल तर पुण्या-मुंबईच्या केंद्रावर आदल्या दिवशी पोचलेलं बरं. शुल्कही चांगलंच मोठं आहे. तेव्हा कंपनी खर्च देते का, हे संकोच न करता विचारा. पास झाल्यावरही दर तीन वर्षांनी प्रमाणपत्राचं नूतनीकरण असतं.

क्लास लावण्याआधी या रविवारी एवढंच करा. कागद घ्या आणि गेल्या काही वर्षांत तुम्ही पार पाडलेली कामं महिन्यांसह लिहून काढा. 36 महिने भरतात का, ते त्या कागदावरच कळेल.