कल्पित राज्याला पाणी कुठून येतं?

अद्भुत कादंबरी वाचून संपली की वाचक लेखकाला प्रश्न विचारतात, आणि त्यातले फार थोडे जादूविषयी असतात. मांत्रिक आकाशातून उडून गेला, हे वाचक मुकाट्याने मान्य करतो. पण उजाड माळावर दहा हजारांचं सैन्य महिनाभर तळ देऊन बसलं, तर त्यांच्या घोड्यांना दाणावैरण कुठून आली, हे मात्र त्याला सांगावं लागतं. किल्ल्यातल्या शिबंदीचा पगार कोण देतं, राजधानीला पाणी कुठून येतं, सामान्य माणूस एका गावाहून दुसऱ्या गावाला किती दिवसांत पोचतो, हे त्याला कळायला हवं असतं.

मराठी लेखक अशा शंकांना फार आधीपासून सामोरे गेले आहेत. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ ही अद्भुतरम्य कादंबरी 1868 सालची. असलं अद्भुत लिहिता तरी कशाला, या शंकेचं उत्तर रिसबुडांनी प्रस्तावनेतच देऊन टाकलं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की आपल्याकडच्या लग्नाच्या चालीरीतींमुळे आणि इतर काही कारणांनी आपल्या लोकांच्या आयुष्यात रंजक म्हणावेत असे गुणही नसतात आणि दुर्गुणही नसतात. रोजच्या अनुभवातलं लिहावं, तर त्यात मन गुंतेल असं काही सापडत नाही. म्हणून करमणुकीचं पुस्तक लिहायचं तर अद्भुताचाच आसरा घ्यावा लागतो.

हे उत्तर प्रामाणिक होतं, पण मला ते पटत नाही. रोजचं जगणं एका बाजूला आणि अद्भुत दुसऱ्या बाजूला, अशी फाळणी त्यात गृहीत धरलेली आहे. ज्या वर्षी रिसबूड हे लिहीत होते, त्याच्या बारा वर्षं आधी, 1856 मध्ये, कल्याणहून पळसदरीकडे आगगाडी सुरू झाली होती. वाटेतल्या अंबरनाथ-बदलापूरच्या भातखाचरांमधून वाफेचं इंजिन रोज धावत होतं. बांधावर उभ्या असलेल्या माणसाला ते काय वाटलं असेल, याचा विचार केला तर रोजच्या आयुष्यात काही नाही, असं म्हणवत नाही.

वाचकांच्या प्रश्नांना सगळ्यात कसून उत्तरं दिली ती ऑक्सफर्डच्या जे. आर. आर. टॉल्किन यांनी. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ 1954 मध्ये छापलं जात असताना कादंबरीकार नेओमी मिचिसन यांनी त्याची मुद्रितं वाचून प्रश्नांची यादीच पाठवली. टॉल्किननी भलंमोठं पत्र लिहून भाषा, वंश, इतिहास असं एकेक उलगडलं. टॉम बॉम्बॅडिल हा माणूस नेमका कोण, एवढं मात्र त्यांनी जाणूनबुजून गूढ ठेवलं. पुराणकाळातसुद्धा काही कोडी सुटलेली नसतात, अशी त्यांची भूमिका होती. 1958 मध्ये एका वाचकाने घोड्याविषयी शंका काढली. एल्फ लोक लगाम-खोगिराशिवाय घोड्यावर बसतात, मग ग्लोर्फिंडेलच्या घोड्याला लगाम कसा? टॉल्किननी चूक कबूल केली आणि पुढच्या आवृत्तीत लगाम काढून तिथे शोभेची म्होरकी घातली. एका शब्दाचीच दुरुस्ती, पण ज्या लेखकाने कथेतल्या तारखांशी चंद्राच्या कला जुळवण्यासाठी प्रकरणं पुन्हा तपासली, त्याला ती क्षुल्लक वाटली नाही.

काही प्रश्नांना पत्र पुरत नाही. अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’ मालिकेतल्या मांत्रिकांच्या विद्यापीठात फक्त मुलग्यांना प्रवेश आहे. पहिलं पुस्तक 1968 चं, तिसरं 1972 चं. बायकांनी तिथे का शिकायचं नाही, हा प्रश्न वाचकांनी विचारला आणि पुढे लेखिकेनेही स्वतःला विचारला. चौथं पुस्तक, ‘तेहानू’, 1990 मध्ये आलं ते या प्रश्नाला सामोरं जातच.

उत्तर देताना लेखकाला एक भान ठेवावं लागतं. त्या जगातली माणसं काय मानतात आणि खरोखर काय घडलं, या दोन गोष्टी वेगळ्या असतात. याचा उत्तम नमुना वालधुनी नदीच्या काठी उभा आहे. अंबरनाथचं शिवमंदिर कोणी बांधलं, असं विचारलं की पांडवांनी ते एका रात्रीत उभारलं, हे उत्तर आजही ऐकायला मिळतं. मंदिरातला शिलालेख मात्र शके 982, म्हणजे इसवी सन 1060, हे साल देतो आणि शिलाहार राजा माम्वाणीचं नाव घेतो. कल्पित जग रचणाऱ्याला ही दोन्ही उत्तरं लागतात. नुसती शिलालेखाची नोंद ठेवली तर त्या जगातली माणसं मुकी होतात. नुसती पांडवांची रात्र ठेवली तर दगड कुठल्या खाणीतून आला, पाथरवटांना किती वर्षं लागली, खर्च कोणाच्या खजिन्यातून झाला, या प्रश्नांवर लेखक गप्प बसतो.

आणि इथून जवळच, बदलापूरला, एक माणूस असा होऊन गेला, ज्याने गावाला विचारता येतील तेवढे प्रश्न विचारले. नारायण गोविंद चापेकर पेशाने न्यायाधीश. 1934 साली बडोद्याला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्याच्या आदल्या वर्षी, 1933 मध्ये, त्यांचं बदलापूरवरचं पुस्तक निघालं. गावात कोणत्या जातीजमाती राहतात, घरं कशी आहेत, शेती आणि धंदे कसे चालतात, लोक काय खातात, कोणते सण पाळतात, कोणत्या देवांना भजतात, हे त्यांनी बारकाईने नोंदवलं. ग्रामीण समाजाच्या अभ्यासात या पुस्तकाचं नाव आदराने घेतलं जातं. मला ते कादंबरीकारांच्या हाती जायला हवं असं वाटतं. रिसबुडांना ज्या रोजच्या जगण्यात काही सापडलं नाही, त्यातून चापेकरांनी अख्खा ग्रंथ उभा केला. पुढे 1937 मध्ये त्यांनी ‘पेशवाईच्या सावलीत’ काढलं. त्यात जुन्या कागदपत्रांमधून त्या काळचे भाव, मजुरी, देणीघेणी बाहेर आली. अद्भुत कादंबरीतल्या बाजारात धान्य काय भावाने विकायचं, हे ठरवताना लेखकाने असल्या नोंदी शेजारी ठेवाव्यात. धान्याचा भाव मजुराच्या रोजाशी जुळला नाही, तर चाणाक्ष वाचक तिथेच थांबतो.

याच भागातलं उल्हासनगर आणखी वेगळा धडा देतं. कल्पित शहरं बहुधा हजारो वर्षं जुनी दाखवली जातात. उल्हासनगर मात्र माणसाच्या आठवणीत जन्मलं. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित आले, बराकींमध्ये संसार मांडले आणि 1949 मध्ये वसाहतीला आजचं नाव मिळालं. पत्ता सांगताना लोक आजही कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार असंच सांगतात. छावणी जाऊन पाऊणशे वर्षं झाली, तरी तिचे आकडे पत्त्यात टिकले आहेत. सर्वस्व मागे टाकून आलेली माणसं परक्या मुलखात शहर कसं वसवतात, पहिलं दुकान कोणाचं, पहिली शाळा कोणत्या भाषेत, या प्रश्नांवर कितीतरी अद्भुत कादंबऱ्या उभ्या राहू शकतात.

आपल्याकडे लेखकाला प्रश्न विचारण्याची सवय लावली ती जयंत नारळीकरांनी. सही मागायला आलेल्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही मिळेल. ते प्रश्न विज्ञानाचे असत, पण विज्ञानकथा लिहिणाऱ्या माणसाने वाचकाला दिलेला तो मान होता. आज मराठीत अद्भुत लिहू पाहणाऱ्या तरुणांना असे नेटाने विचारणारे वाचक मिळायला हवेत. कौतुकाच्या चार शब्दांपेक्षा तुमच्या राज्यातली नदी उन्हाळ्यात आटते का, हा प्रश्न लेखकाला जास्त कामाला लावतो.

नदीचंच घ्या. राजमाचीच्या डोंगरात उगम पावलेली उल्हास बदलापूरवरून वाहत पुढे खाडीला मिळते. समजा, कोणी तिच्या काठावर आपलं कल्पित राज्य वसवलं. वाचक पहिल्याच पावसाळ्यात पुराचं विचारणार. 27 जुलै 2019 रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. त्या कल्पित राज्यात बोटी कोणाकडे असतील? राजाच्या लोकांकडे, की काठावरच्या कोळ्यांकडे? कोळ्यांकडे असतील, तर पूर ओसरल्यावर राजा त्यांना काय देईल? आणि काहीच दिलं नाही, तर पुढच्या पावसाळ्यात ते बोटी सोडतील का?