टाकीतल्या समुद्राचा जमाखर्च

माझी पुतणी अमेरिकेत न्यू जर्सीला असते. २०१८ साली मी तिच्याकडे दोन महिने राहून आलो. तिच्या दिवाणखान्यात तीनशे लिटरची एक काचेची टाकी आहे. लांबून पाहिलं की माशांची टाकी वाटते. जवळ गेलं की लक्षात येतं, मासे पाच-सहाच आहेत. टाकीचे खरे मालक म्हणजे खडकांना चिकटून बसलेले प्रवाळ. पाणी समुद्रासारखं खारं, वर निळसर दिवे, आणि खाली कोणी हिरवे, कोणी जांभळे, कोणी प्रवाहाबरोबर डुलणारे हे जीव.

त्यातल्या एकाला घरात विशेष मान होता. त्याच्या बोटांची टोकं हातोडीसारखी दिसतात, म्हणून त्याला तिकडे हॅमर कोरल म्हणतात. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ घर सोडून मुलाकडे राहायला गेले, तेव्हा वर्षानुवर्षं सांभाळलेल्या आपल्या प्रवाळाचा एक तुकडा त्यांनी हिच्या हाती दिला होता. मी गेलो तेव्हा त्याला सहा फांद्या होत्या. पण रंग मळकट तपकिरी झालेला, आणि आजूबाजूच्या खडकांवर केसांसारखं हिरवं शेवाळ माजलेलं. पुतणी म्हणाली, "काका, तुम्ही आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलंत. बघा ना, माझ्या पाण्याचं काय चुकतंय."

मी पाहिलं आणि सल्लाही दिला. तो सल्ला कसा अंगाशी आला ते पुढे सांगतो. आधी पाण्याचं गणित समजून घेऊ.

प्रवाळ म्हटलं की आपल्याला अंगठीतलं लाल पोवळं आठवतं. तो झाला सांगाडा. जिवंत प्रवाळ हा प्राणी आहे, आणि टाकीतल्या या जातींच्या अंगात सूक्ष्म शैवालपेशी भाडेकरूसारख्या राहतात. त्या उजेडात अन्न तयार करतात आणि भाडं म्हणून त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतात. प्रवाळाच्या शरीरातून जे टाकाऊ निघतं, ते या पेशींचं खत. घरातलं घरात वापरायचं, बाहेर फारसं जाऊ द्यायचं नाही, असा हा काटकसरीचा संसार. म्हणून तर ज्या समुद्राच्या पाण्यात खत जवळजवळ नाही, तिथे प्रवाळांची एवढी भरगच्च वस्ती उभी राहते. चार्ल्स डार्विनने १८४२ साली प्रवाळबेटांवर पुस्तक लिहिलं. गरीब पाण्यातल्या या श्रीमंतीला आजही शास्त्रज्ञ 'डार्विनचं कोडं' म्हणतात.

आता हा गरीब समुद्र दिवाणखान्यात आणायचा म्हणजे काय? माशांना रोज खायला घालायचं. मासे त्यातलं थोडं अंगी लावतात, बाकीचं विष्ठा आणि अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतात. अमोनिया विषारी. पण खडकांवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट माशांना फारसं बाधत नाही, पण ते साठत जातं. अन्नातल्या फॉस्फरसचं फॉस्फेट होतं, तेही साठतं. शेतकऱ्याला विचारा, ही दोन्ही नावं तो खताच्या गोणीवर वाचतो. थोडक्यात, आपण टाकीत रोज चिमूटभर खत टाकत असतो. शेवाळ माजेल नाही तर काय होईल? प्रवाळाच्या अंगातल्या शैवालपेशीही भरमसाट वाढतात, म्हणून रंग तपकिरी पडतो. आणि फॉस्फेट जास्त झालं की प्रवाळाला चुनखडीचा सांगाडा बांधणं अवघड जातं.

पुतणीकडे तपासणीचा संच होता. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग तक्त्याशी ताडायचा. नायट्रेट भरलं लिटरला ५० मिलिग्रॅम, फॉस्फेट ०.४. प्रवाळांच्या समुद्रात नायट्रेट सहसा अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नसतं, आणि फॉस्फेट मिलिग्रॅमच्या काही शतांशांपुरतंच. म्हणजे हिच्या टाकीत नायट्रेट शंभर पटींहून जास्त.

पहिला उपाय कुणालाही सुचेल, पाणी बदला. ती दर रविवारी पाचवा हिस्सा पाणी काढून नवं खारं पाणी घालत होती. तरी आकडा हलत नव्हता. का, ते हिशेबानेच कळतं. बाहेरून काहीच भर पडत नसेल, तर पन्नासाचे चाळीस, चाळीसचे बत्तीस असं ते उतरत जाईल. पण आठवड्याला खाण्यातून पाच मिलिग्रॅमची भर पडत असेल, तर हे उतरणं २५ वर येऊन थांबतं. पंचवीसचा पाचवा हिस्सा किती? पाच. रविवारी जेवढं काढलं, तेवढं पुढच्या शनिवारपर्यंत पुन्हा जमा. मग वर्षभर बादल्या उपसल्या तरी आकडा तोच. आणि भर दहाची असेल, तर मुक्काम थेट ५० वर. म्हणून आधी जमेची बाजू तपासायची आणि मग खर्चाची.

जमेच्या बाजूला सगळ्यात मोठी रक्कम खाण्याची. पुतणीचा मुलगा शाळेतून आला की मूठभर दाणे टाकायचा, सकाळी तिने घातलेले असायचेच. दुसरी छुपी जमा नळाच्या पाण्याची. टाकीतून रोज दोन-तीन लिटर पाणी उडून जातं. उडतं ते निव्वळ पाणी. क्षार आणि खत मागेच राहतं. ती तूट नळाच्या पाण्याने भरली, तर नळातलं नायट्रेट-फॉस्फेट रोज थोडं थोडं साचत जातं, जसा पाणी तापवायच्या भांड्याला पांढरा थर धरतो तसं. म्हणून वरून घालायचं पाणी गाळून शुद्ध केलेलंच हवं.

खर्चाच्या बाजूला वाटा बऱ्याच आहेत. आपल्याकडे गुऱ्हाळावर उसाचा रस उकळताना वर मळी येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात, हे अनेकांनी पाहिलं असेल. प्रोटीन स्किमर नावाचं यंत्र काहीसं तेच करतं, फक्त आगीऐवजी हवेने. खाऱ्या पाण्यात अतिशय बारीक बुडबुडे सोडले की सेंद्रिय घाण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येते आणि वाटीत जमते. ती वाटी उघडली तर नाक धरावं लागतं. पण तेवढी घाण कुजून तिचं नायट्रेट होण्याआधीच बाहेर पडली, हा फायदा.

दुसरी वाट खडकांच्या पोटातली. इंडोनेशियातले ली चिन एंग यांनी १९६१ साली एका मत्स्यपालनाच्या मासिकात लिहिलं, की समुद्रातले जीवजंतूंनी भरलेले खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालते. त्यामागचं कारण असं, की सच्छिद्र खडकाच्या आत खोलवर प्राणवायू पोचत नाही. तिथले जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधलाच प्राणवायू वापरतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो. फॉस्फेटला मात्र अशी वायूची वाट नाही. ते हाताने बाहेर काढावं लागतं.

तिसरी वाट गमतीची. शेवाळ नको म्हणून शेवाळच वाढवायचं! फक्त ते मुख्य टाकीत नाही, शेजारच्या छोट्या टाकीत, स्वतंत्र दिव्याखाली. ते खत खाऊन वाढतं आणि दर पंधरवड्याला कापून फेकलं की त्याच्याबरोबर नायट्रेटही गेलं आणि फॉस्फेटही. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर ॲडी यांनी ही कल्पना मोठ्या प्रमाणावर राबवली. ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला १९८७ साली सुरू झालेल्या प्रचंड प्रवाळ-मत्स्यालयाचं पाणी आरंभी त्यांच्याच पद्धतीने स्वच्छ ठेवलं जाई.

चौथी वाट ऐकून मी हसलो होतो. काही लोक टाकीत व्होडका घालतात! माशांसाठी नाही, जिवाणूंसाठी. व्होडका किंवा साधं व्हिनेगर म्हणजे जिवाणूंना तयार कार्बन. तो मिळाला की ते भराभर वाढतात, वाढताना नायट्रेट आणि फॉस्फेट शोषून घेतात, आणि स्किमर त्यांना फेसाबरोबर बाहेर काढतो. पण हात सैल सोडला तर जिवाणू एवढे माजतात की पाणी पांढुरकं होतं, त्यातला प्राणवायू संपतो आणि रात्रीतून मासे मरतात. म्हणून ही मात्रा थेंबांनी मोजायची आणि आठवड्याआठवड्याने वाढवायची.

पाचवी वाट लोहाची. लोहाच्या ऑक्साइडचे तांबूस दाणे मिळतात. त्यांच्यातून पाणी फिरवलं की फॉस्फेट त्यांना चिकटून बसतं. नायट्रेटला ते हात लावत नाहीत.

इथेच मी चुकलो. रसायनशास्त्राच्या मास्तराला ही पाचवी वाट फार आवडली. स्वच्छ, झटपट, समीकरणात बसणारी. पुतणी म्हणाली, पाकिटावर लिहिलंय की कमी मात्रेने सुरुवात करा. मी म्हटलं, "अगं, विष काढायचंय ना? मग हळूहळू कशाला?" आम्ही दुप्पट दाणे घातले. पाचव्या दिवशी फॉस्फेटचा रंगच उमटेना. शून्य! मी खूश. आठव्या दिवशी हॅमर कोरलची बोटं आत ओढली गेली. दोन आठवड्यांत त्याच्या फांद्या एकामागून एक पांढऱ्या पडल्या, मांस गळून खाली नुसता सांगाडा दिसू लागला. पुतणी मला काही बोलली नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

नंतर वाचलं तेव्हा चूक कळली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातले योर्ग वीडनमान आणि त्यांचे सहकारी यांचं संशोधन २०१३ साली 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये आलं होतं. नायट्रोजन भरपूर आणि फॉस्फेट जवळजवळ नाही, अशी स्थिती झाली की प्रवाळातल्या शैवालपेशी वाढत तर राहतात, पण उपाशीपोटी. मग उष्णता आणि उजेडाचा ताण त्यांना सोसत नाही आणि प्रवाळ पांढरे पडतात. आम्ही नेमकं तेच केलं होतं. नायट्रेट पन्नासवरच, फॉस्फेट शून्य, आणि वर प्रखर दिवे. फॉस्फेटला मी विष म्हणालो, पण जिवंत पेशीला फॉस्फरस लागतोच. नको होता तो त्याचा अतिरेक.

मग दाणे काढले, दिवे मंद केले आणि सगळं सावकाश सुरू केलं. मुलाची मूठ बंद झाली, खाणं एका वेळेवर आलं. वरचं पाणी शुद्ध. स्किमरची वाटी दर दोन दिवसांनी धुवायची. खालच्या कपाटात शेवाळाची छोटी टाकी. आणखी एक धडा मिळाला. दाणे काढल्यावर फॉस्फेट आपोआप पुन्हा वर आलं. चुनखडीचे खडक इतकी वर्षं ते शोषून बसले होते, पाण्यात कमी होताच ते सोडू लागले. जुनी उधारी एका हप्त्यात फिटत नाही. नायट्रेट दहाच्या खाली यायला पाच महिने लागले, तोवर मी पुण्याला परत आलो होतो. दर रविवारी ती फोनवर आकडे सांगायची आणि मी वहीत लिहायचो.

अनुभवी लोक सांगतात, घरच्या टाकीत नायट्रेट साधारण २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान असलं की पुरे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आकडा स्थिर हवा, आणि दोन्ही बरोबरीने, हळूहळू खाली यायला हवीत. एका वेळी एकच बदल करायचा आणि दोन आठवडे थांबून बघायचं.

हे ऐकून कुणाला अशी टाकी ठेवावीशी वाटली, तर एक सांगायला हवं. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सांगाडा बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून पहिल्या परिशिष्टाचं, म्हणजे वाघाइतकं, संरक्षण आहे. दुकानात कुणी दाखवले तरी ते घेऊ नका. आपले प्रवाळ समुद्रातच बघायचे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास ते आहेत. १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं ते उगाच नाही.

पण हा हिशेब तिथेही लागू आहे. शेतातून वाहून आलेलं खत आणि गावांचं सांडपाणी नदीतून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जातं. नदीवर जलपर्णीचा हिरवा गालिचा दिसतो, तेव्हा तो त्याच खताचा पुरावा असतो. टाकीचं पाणी बिघडलं तर दर रविवारी पाचवा हिस्सा बदलता येतो. समुद्राचं पाणी बदलायला दुसरा समुद्र कुठून आणणार? तिथे फक्त जमेचीच बाजू आवरता येते, आणि ती आपल्या घराच्या मोरीपासून सुरू होते.

हॅमर कोरलच्या सहा फांद्यांपैकी चार गेल्या. उरलेल्या दोन जगल्या. त्या फुटून पुढे सात झाल्या, तेव्हा पुतणीने एक तुकडा कापून त्या वृद्ध गृहस्थांना नेऊन दिला. सोबत कागदावर लिहिलं होतं, फॉस्फेट ०.०६, नायट्रेट ८. ते वाचून म्हातारबुवा म्हणाले म्हणे, "आता शिकलीस." खरं म्हणजे शिकायला मला लागलं होतं, पण ते तिने त्यांना सांगितलं नाही.