दोन हात, एक सुकाणू आणि नाळेवरचं शीड

धारगळहून म्हापशाकडे निघालात की कोलवाळच्या पुलाखाली शापोरा लागते. हीच नदी पुढे शिवोली-चोपड्याच्या मधून जाऊन मोरजीपाशी समुद्राला मिळते. पावसाळा सोडला तर सकाळी मतलई वारे बाहेर नेतात, दुपारनंतर खारे वारे घरी आणतात. छोट्या शिडाच्या होडीला याहून चांगली सोय कुठली? अडचण एवढीच की सुकाणू मागे, जिब म्हणजे पुढचं शीड पार नाळेवर, आणि एकट्या माणसाला हात दोनच. म्हणून त्याच्या होडीची खरी हुशारी बघायची असेल तर जिबच्या दोऱ्या कुठून कुठे नेल्या आहेत ते बघावं.

शीड गुंडाळणारा ढोल

फर्लर नावाचं यंत्र जिब आपल्याभोवती गुंडाळून घेतं. नाळेवर छोटा ढोल, त्यावर दोरी, आणि ती दोरी होडीच्या कडेने कप्प्यांतून थेट बसण्याच्या जागेपर्यंत. ओढली की शीड गायब! पण शीड उलगडताना ही दोरी मोकळी सोडून द्यायची नाही, हातात थोडा ताण ठेवायचा. नाहीतर ढोलावर वेढे एकमेकांखाली रुततात, आणि नेमका वारा चढतो तेव्हा शीड गुंडाळायला नकार देतं. शीड पूर्ण मिटल्यावरही ढोलावर तीन-चार वेढे शिल्लक हवेत. मिटवताना होडी वाऱ्याकडे पाठ करून घेतली की जिब मुख्य शिडाच्या आडोशाला येते आणि एका हाताने गुंडाळली जाते.

फर्लर परवडत नाही?

बारीक दोरी घ्या. जिबच्या वरच्या टोकाला बांधा, खाली नाळेवरच्या कप्पीतून फिरवून मागे आणा. शीड चढवणारी दोरी सोडली आणि ही ओढली की जिब मुकाट्याने डेकवर उतरते. नाळेपर्यंत रांगत जायला नको. मला विचाराल तर छोट्या होडीला हीच युक्ती सर्वांत मोलाची, कारण एकटा माणूस पाण्यात पडला तर होडी वळवून आणायला मागे कुणीच नसतं.

तीन वेढे, त्रेचाळीस पट

जिबचा मागचा कोपरा ज्या दोरीने खेचतात ती शीट. तिला विंचवर, म्हणजे दोरी ओढायच्या फिरत्या ढोलावर, वेढे दिले की घर्षणच निम्मं काम करतं. घर्षणांक 0.2 धरला तर एक वेढा हाताची पकड साडेतीन पट करतो आणि तीन वेढे सुमारे 43 पट! छोट्या होडीत विंच नसला तर दातेरी क्लीट पुरतो. त्यात दोरी आपोआप अडकते, वर झटका दिला की सुटते. आणखी गंमत म्हणजे दोन्ही बाजूंच्या शीट वेगळ्या न ठेवता एकच लांब दोरी वापरायची आणि तिचा मध्य जिबला बांधायचा. मग एक टोक हातून निसटलं तरी दुसऱ्या बाजूने ती दोरी खेचून आणता येते.

दिवाडी बेटावरून जगाला फेरी

डिचोली तालुक्यातल्या नार्व्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की दिवाडी. इथे रत्नाकर दांडेकरांच्या अक्वेरियस कारखान्यात ‘म्हादेई’ ही शिडाची होडी बांधली गेली: 56 फुटी, लाकूड आणि फायबरची, आणि नाव आपल्याच नदीचं. 2009 च्या ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे तिला घेऊन मुंबईहून एकटेच निघाले आणि मे 2010 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. एकट्याने शिडावर जग फिरलेले ते पहिले भारतीय. पाठोपाठ अभिलाष टॉमी यांनी 1 नोव्हेंबर 2012 ते 31 मार्च 2013 या काळात, कुठेही न थांबता, त्याच होडीतून फेरी पूर्ण केली.

तिची धाकटी बहीण ‘तारिणी’. तिची डोलकाठी 25 मीटर उंच! लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघी तिला घेऊन 2 ऑक्टोबर 2024 रोजी गोव्यातून निघाल्या आणि 29 मे 2025 रोजी गोव्यातच परतल्या. दोघी असल्या तरी एक झोपली की दुसरी एकटीच, म्हणजे दोऱ्यांचा हिशेब तोच. पेडण्यातल्या किती मुलांना हे ठाऊक असेल? शाळेच्या सहलीत दिवाडी असायलाच हवी.

शीडच सुकाणू धरतं

जोशुआ स्लोकम 1895 ते 1898 या काळात ‘स्प्रे’मधून एकटा जग फिरला. हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांपर्यंतच्या 23 दिवसांत तो जेमतेम तीन तास सुकाणूवर होता! मागून वारा असताना तो जिब मधोमध ताणून बांधायचा. होडीची नाळ भरकटू लागली की वारा जिबला लागून तिला पुन्हा वाटेवर आणायचा. सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 32 फुटी ‘सुहैली’ तर मुंबईत बांधलेली सागवानी होडी. वाटेत तिचं स्वयंचलित सुकाणू मोडलं, तरी शिडांचा तोल साधून त्यांनी 1969 मध्ये, 312 दिवसांनी, जगातली पहिली एकट्याची विनाथांबा फेरी पुरी केली.

भर पाण्यात थांबा

होडीला ब्रेक नसतो, पण जिब असते. बाजू बदलताना जिबची शीट सोडूच नका. नाळ वाऱ्यातून पलीकडे गेली की जिब उलटी फुगते आणि नाळेला एका बाजूला ढकलते. मग सुकाणूचा दांडा वारा जातो त्या बाजूला बांधून ठेवा, म्हणजे सुकाणू तिला उलट बाजूला वळवू पाहतं. दोघांच्या ओढाताणीत होडी जवळजवळ जागच्या जागी हळूहळू सरकत राहते. तेवढ्यात नकाशा बघा, गुंतलेली दोरी सोडवा, चहा प्या. शापोऱ्याच्या मुखापाशी वाळूचे उथळ पट्टे आहेत, तेव्हा वाऱ्याच्या खालच्या बाजूला मोकळं पाणी ठेवूनच हे करायचं.