डाग थांबले, माज नाही
कुत्रीच्या रक्तस्रावाला पाळी समजण्यातच घोटाळा होतो. पाळीत गर्भाशयाचं अस्तर गळतं. कुत्रीत ते इस्ट्रोजेनमुळे भरून येताना पाझरतं. त्यामुळे साधारण ९ दिवसांनी स्राव फिका पडतो तेव्हा ती नराला जवळ करू लागते, आणि नेमकी तेव्हाच घरची मंडळी साखळी सैल सोडतात! माजानंतरची चिडचिड, कोपरा धरणं, खेळणं पिल्लासारखं जपणं याला ‘पिल्लं हवीत’ असा अर्थ चिकटवला जातो. पण गाभण असो वा नसो, प्रोजेस्टेरॉन सुमारे २ महिने चढंच असतं. ते उतरताना प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं, आणि हे वागणं त्यातूनच येतं. ‘एकदा विऊ द्या, शांत होईल’ हा सल्ला म्हणूनच टिकत नाही. पुढच्या माजानंतर पुन्हा तेच. मात्र माजानंतरच्या महिना-दोन महिन्यांत मरगळ, अतोनात तहान, दुर्गंधीयुक्त स्राव दिसला तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घेऊन त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.