नाणेघाटाची भिंत आणि शोभना गोखले यांचे कागद

शिल्पाचा इतिहास लिहिणाऱ्याचा बहुतेक काळ शिल्पासमोर जात नाही, तो ठसे, टिपा, नकला आणि पूर्वसूरींच्या वाचनांचे खंड यांच्या सहवासात जातो. आणि दगड जसजसा झिजत जाईल तसतसे या कागदांचे महत्त्व वाढत जाऊन शेवटी मूळ वस्तू कागदातच अधिक शाबूत राहिली आहे की काय, असा प्रश्न पडावा, अशी वेळ येते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राचीन अभिलेख आणि नाणी यांच्या अध्ययनात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या डॉ. शोभना गोखले (१९२८–२०१३) यांचा नाणेघाटाच्या लेखाविषयीचा निबंध अड्यार ग्रंथालयाच्या नियतकालिकाच्या ६८–७० या जोडखंडात (२००४–०६) प्रसिद्ध झाला. त्याची प्रत बरोबर घेऊन ज्या भिंतीविषयी तो लिहिला आहे ती भिंत पाहावी, या हेतूने मी शहापूरहून किन्हवली–सरळगावच्या रस्त्याने मुरबाड तालुक्यात उतरलो.

वाटेत शहापूर तालुक्यातल्याच एका गावी थांबणे झाले, आणि ते थांबणे या धंद्याची धुळाक्षरे शिकण्याच्या दृष्टीने फार उपयोगाचे ठरले. गावच्या वेशीवर देवळाच्या पारापाशी एक गधेगळ होता: माथ्यावर चंद्रसूर्य, मध्ये झिजलेला मजकूर, आणि खाली दानपत्राचा भंग करणाऱ्याला दिलेली ती ओंगळ शिवी, जी वाचता न येणाऱ्यालाही कळावी म्हणून चित्ररूपाने कोरलेली असते. शिलाहार काळापासून कोकणात अशा शिळा उभारण्याचा शिरस्ता होता. राजाची सनद आणि जरब एकाच दगडावर मावत असे. पुराभिलेख शिकणारी एक विद्यार्थिनी रीतसर परवानगी घेऊन या शिळेचा ठसा काढीत होती. गावातल्या एका आजींनी तिला आधी हटकले, "बाई, देवाला शेंदूर लावायचा सोडून शाई कसली लावताय?" आणि शाई दगडाला लागत नाही, वरच्या कागदाला लागते, अशी खातरजमा झाल्यावर त्याच आजी पाण्याची कळशी घेऊन आल्या.

काम दिसायला सोपे आणि करायला अवघड. आधी नरम कुंचल्याने आणि पाण्याने दगडाच्या खाचांतली माती, शेवाळ, मुंग्यांची वारुळे काढायची. धातूचे काहीही दगडाला लावायचे नाही. मग पाणी चटकन शोषून घेणारा, खळ न दिलेला कागद भिजवून दगडावर अलगद पसरायचा, मधली हवा कडेकडेने बाहेर काढायची, आणि राठ केसांच्या ब्रशाने तो असा ठोकायचा की प्रत्येक अक्षराच्या खाचेत कागद उतरावा, पण फाटू नये. ऊन कडक असेल तर कागद सुकून सुटतो, आणि फार ओला राहिला तर शाई पसरते. म्हणून अर्धवट सुकण्याचा जो थोडा वेळ असतो, त्या अवधीत काजळीच्या शाईत बुडवून जवळजवळ कोरडी केलेली कापडाची पुरचुंडी हलक्या हाताने वरून थोपटीत जायचे. उंच भाग काळा होतो, खाचेतले अक्षर पांढरे राहते, आणि शाई वरच्या अंगाला असल्यामुळे कागद सोडवल्यावर मजकूर उलटा न दिसता सरळ वाचता येतो. त्या मुलीने पुरचुंडी थोपटताना एका जागी हात थांबवला, आणि एक वेलांटी आहे की दगडाचा टवका, हे ठरवण्यासाठी कागदावरून बोट फिरवून पाहिले. डोळ्याला जो संशय येतो तो बोटाने फेडायचा, हे या विद्येचे अंग पुस्तकात कोठे लिहिलेले मला आढळले नाही. तिच्या वहीत त्या अक्षराभोवती चौकोनी कंस पडला: वाचन संशयित.

या कंसांना आणि टिंबांना मी फार मान देऊ लागलो आहे. गेलेल्या अक्षरांच्या जागी टिंबे, अंधुक अक्षरांना चौकोनी कंस, वाचकाने पदरचे घातलेल्या अक्षरावर तारका, असा जो संकेत अभिलेखांच्या छापील पाठांत पाळला जातो, तो म्हणजे विद्वानाने स्वतःवर लादलेली जप्तीच होय. जे हाती नाही ते हाती असल्याचे त्याला दाखवता येत नाही. मराठीत हे सारे शास्त्र शिकवणारा 'पुराभिलेखविद्या' हा ग्रंथ गोखले यांनीच लिहिला, आणि १९७५ साली तो प्रसिद्ध झाला.

टोकावडे मागे टाकून वैशाखऱ्याच्या पुढे घाटाची पायवाट सुटते. बरोबर गावचा एक वाटाड्या होता. त्याला मी दादा म्हणे आणि तो मला गुरुजी, कारण हाती कागद असलेला माणूस गुरुजीच असणार, असा त्याचा हिशेब होता. नानाचा अंगठा म्हणतात तो कडा डोक्यावर ठेवून कारवीच्या रानातून, पुढे खडकात खोदलेल्या पायऱ्यांनी माणूस माथ्यावर पोचतो, तेव्हा मुरबाडचा मुलूख पायाखाली आणि जुन्नरची हद्द पुढे लागते. कोकणातल्या बंदरांकडून देशावर जाणारा माल याच वाटेने चढे. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, हे प्रत्येकजण सांगतो, आणि दादानेही सांगितले, मात्र त्याने रांजणाच्या खोलीचा अंदाज घेऊन, "भरायला किती बैलांचे तांडे लागत असतील?" असा जो प्रश्न केला, तो महसूल खात्याच्या कोणा अंमलदाराला शोभण्यासारखा होता.

रांजणाच्या अलीकडे, घाटाच्या तोंडाशीच लेणे आहे. आत शिरल्यावर डाव्या भिंतीवर दहा ओळी आणि उजव्या भिंतीवर दहा ओळी, ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत. आणि समोरच्या भिंतीवर, जेथे सातवाहन राजकुलाच्या आठ प्रतिमा कोरलेल्या होत्या, तेथे आज पावलांच्या अंधुक खुणांपलीकडे काही नाही. वर नावे मात्र आहेत. वंशाचा मूळपुरुष राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका, म्हणजे नागनिका, आणि राजा सातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. मध्ये एका प्रतिमेचे नावसुद्धा नाहीसे झाले आहे.

इंग्लंडात कॅथरिन एस्डेल (१८८१–१९५०) नावाच्या विदुषीने खेड्यापाड्यांतली चर्चे धुंडाळून थडग्यांवरच्या पुतळ्यांचे कर्ते शिल्पकार हुडकले, आणि त्याचे फलित १९४६ साली इंग्लिश चर्चांतील स्मारकांवरच्या ग्रंथात मांडले. तिच्यापुढे पुतळा उभा असे आणि घडवणाऱ्याचे नाव हरवलेले असे. सही, मृत्युपत्र, हिशेबाची वही यांतून ते काढावे लागे. नाणेघाटात याच्या नेमके उलट आहे. ज्यांच्या प्रतिमा होत्या त्यांची नावे हाती आहेत, घडवणाऱ्याचे नाव कोणी लिहिलेच नाही, आणि शिल्प तर उडूनच गेले. शिल्पाच्या इतिहासकाराला इथे शिल्पाविना काम करावे लागते, आणि म्हणूनच हे काम अभिलेख वाचणाऱ्या स्त्रीकडे आले, हे मला अत्यंत उचित वाटते. कान्हेरीच्या स्मारकस्तूपांच्या वीथीवरही गोखले यांनी असाच निबंध लिहिला होता. तेथे ढासळलेल्या विटांच्या स्तूपांना दिवंगत भिक्षूंची ओळख मिळाली ती त्यांच्यासाठी कोरलेल्या स्मृतिलेखांच्या वाचनाने. पुढे कान्हेरीच्या लेखांचा त्यांचा संग्रह १९९१ साली निघाला.

लेण्यात मी निबंध उघडला आणि दादाच्या हाती विजेरी दिली. ती समोरून धरली की भिंत सपाट दिसते. भिंतीला जवळजवळ टेकवून तिरकस धरली की खाचांच्या सावल्या पडतात आणि अक्षरे वर येतात. दादाने ही गोष्ट मी सांगण्यापूर्वीच हेरली होती. धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्रसूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन करून लेख सुरू होतो, आणि मग अश्वमेध, राजसूय यांसारख्या यज्ञांची आणि त्यांच्या दक्षिणांची यादी लागते, ती इतकी तपशीलवार की हे राजवाड्याच्या बारनिशीतले पान भिंतीवर उतरवले असावे, असे वाटते. एके ठिकाणी १७०० गाई आणि १० हत्ती दिल्याची नोंद आहे. अंकांची तऱ्हा वेगळी: शून्य नाही, स्थानमूल्य नाही, शंभराच्या चिन्हाला सातचे चिन्ह जोडले की सातशे, आणि हजाराचे चिन्ह स्वतंत्र. भारतीय अंकांच्या इतिहासात या भिंतीचे नाव पुनःपुन्हा येते ते या याद्यांमुळे.

लेखातील राणी म्हणजे मागल्या भिंतीवरची नागनिकाच, ही ओळख दोन भिंतींची जुळवाजुळव करून पटवावी लागते. ती महिन्याचे उपवास करणारी, घरात राहून तापसीसारखी वागणारी, ब्रह्मचर्य पाळणारी आहे, असे वर्णन भिंतीवर आहे. म्हणजे पती निवर्तल्यावर, मुलांच्या वतीने राज्यशकट पाहणारी स्त्री असावी, असे बहुतेकांचे मत. जुन्नरकडे सापडलेल्या चांदीच्या नाण्यावर सातकर्णीच्या जोडीला तिचेही नाव येते, तेव्हा हा केवळ भिंतीपुरता मान नव्हता. गोखले या नाण्यांच्याही अभ्यासक होत्या, हे या जागी विशेष उपयोगी पडते. दगड, धातू आणि कागद यांची साक्ष एकाच हाताने ताडून पाहणारे विद्वान थोडे.

१८२८ साली साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने हे लेणे पाहिले, तेव्हा ब्राह्मी लिपीचा उलगडा व्हायला अजून काही वर्षे होती; प्रिन्सेपचे ते काम १८३७ चे. म्हणजे जे वाचता येत नव्हते त्याची दखल घेण्यापासून हा वृत्तान्त सुरू होतो. भगवानलाल इंद्रजींनी अंक लावले, ब्यूलरने १८८३ साली पश्चिम भारताच्या पुरातत्त्व अहवालाच्या पाचव्या खंडात पाठ आणि भाषांतर छापले, मिराशींनी सातवाहनांवरच्या आपल्या मराठी ग्रंथात तो पुन्हा तपासला. गोखले यांचा निबंध या रांगेत बसतो. घाटाने आलेल्या हौशी मंडळींनी मधल्या काळात भिंतीवर स्वतःची नावे ओरखडली आहेत, तीही आता खोल गेलेली दिसतात. आणि दादाने विजेरी एका ओरखड्यावरून पुढे सरकवीत, "हा आमच्याकडचा नाही, आडनाव घाटावरचं आहे," अशी ग्वाही दिली. डाव्या भिंतीवर निबंधातल्या पाठाशी ओळीमागून ओळ ताडताना जेथे टिंबे छापली आहेत तेथे दगडावर बहुधा टवका होता. दोन ठिकाणी मात्र मला ब्यूलरच्या पाठातले अक्षर भिंतीवर मुळीच सापडले नाही. त्या जागा मी प्रतीच्या समासात खुणा करून ठेवल्या आहेत. त्यांचा निकाल जुन्या ठशांवरूनच लागेल, आणि ते पाहण्यासाठी पुण्याच्या ग्रंथालयाची वाट धरावी लागेल.