चावी, स्विच आणि अनुमान

मंडळी, मागच्या वेळी आपण धूर आणि अग्नी घेतला होता. धूर दिसला की अग्नी आहे, हे अनुमान चालतं. अग्नी दिसला म्हणून धूर असलाच पाहिजे, हे चालत नाही, कारण तिथे ओल्या सरपणाची अट लपलेली असते. नैयायिक तिला ‘उपाधी’ म्हणतात. याचा रोजच्या जगण्यात काय उपयोग, असं एका श्रोत्याने विचारलं होतं. म्हणून आज एका जुन्या पिकअपची गोष्ट घेऊ.

आमचा भाचा जुन्नर तालुक्यात टोमॅटो करतो. डिझेल पिकअप आहे, जुनी. माल नारायणगावच्या बाजारात न्यायचा. ऐन तोडणीत गाडी सेल्फ घेईना. चावी फिरवली की डॅशचे दिवे लागायचे, पुढे काही नाही. मिस्त्री म्हणाला, बॅटरी गेली. नवी घातली, आठ दिवस चालली, पुन्हा तेच. मग सेल्फ उतरवून दुरुस्त केला. तरी तेच. भरलेले क्रेट अंगणात, आणि हा फोनवर: “मामा, तुम्ही तर्कशास्त्र शिकवलंत ना आयुष्यभर? मग सांगा आता!”

मिस्त्रीचं चुकलं कुठे? बॅटरी उतरली की सेल्फ फिरत नाही, हे खरं. पण सेल्फ फिरत नाही म्हणून बॅटरीच उतरली, हे अग्नीवरून धूर काढण्यासारखं झालं.

करंट दोन वाटांनी जातो. जाड केबल बॅटरीपासून थेट सेल्फला. बारीक वायर चावीच्या स्विचमधून सेल्फवरच्या सोलेनॉइडला (काही गाड्यांत मध्ये रिले असतो, या गाडीत नव्हता). सोलेनॉइड ओढला गेला तरच जाड वाट जोडली जाते. म्हणून आधी हेडलाइट लावून चावी फिरवायची. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल बघा. आमचे दिवे जराही हलले नाहीत, ‘टक’ असा आवाजही नाही. म्हणजे जाड वाटेने करंट कोणी मागितलेलाच नाही! हे बघायला पैसा लागत नाही, आणि ते बॅटरी घेण्याआधी बघायचं असतं.

मग गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. भाच्याने चावी धरली. सोलेनॉइडची बारीक वायर सोडवून तिच्यावर मीटर लावला: 12.4 व्होल्ट. आम्ही म्हटलं, स्विच निर्दोष. इथे आम्हीही फसलो होतो, कबूल करतो. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे जळक्या कॉन्टॅक्टमधूनही पूर्ण व्होल्ट दाखवतो. वायर परत जोडून मोजलं तर 6.8. ‘करंट येतोय’ या विधानाची लपलेली अट ही: भार पडल्यावर येतोय का? साधा टेस्ट लॅम्पही सोलेनॉइडच्या मानाने फार थोडा करंट घेतो, त्यामुळे तोही इथे फसवू शकला असता.

आता मीटरची एक वायर स्विचच्या बॅटरीच्या टोकाला, दुसरी स्टार्टच्या टोकाला, चावी स्टार्टला धरलेली. चांगल्या स्विचमध्ये इथे शून्याच्या आसपास दिसायला हवं. आमच्याकडे 5.1! शेवटी फ्यूज लावलेल्या वायरने ती दोन टोकं क्षणभर जोडली. सेल्फ फिरला. काढली, चावी फिरवली, गप्प. पुन्हा जोडली, फिरला. अन्वय आणि व्यतिरेक, दोन्ही मिळाले. हा प्रयोग गाडी गिअरमध्ये असताना कराल तर ती अंगावर येईल. पुढे कोणी उभं राहू नये.

मग नव्या बॅटरीने आठ दिवस कसे निघाले? तिचे व्होल्ट थोडे जास्त होते, जळक्या कॉन्टॅक्टमधून तेवढं पुरलं असावं. हा तर्क आहे, आम्ही तो तपासलेला नाही.

बॅटरीचं निगेटिव्ह काढून स्विच उघडला. तांबं काळं पडलेलं, प्लॅस्टिक वितळलेलं. लॉक शाबूत होतं. त्यामागचा इलेक्ट्रिकचा भाग वेगळा मिळतो, तेवढाच बदलला, बॅटरीच्या मानाने किरकोळ खर्चात. चावीच्या जुडग्यात घराची, पंपाची, गोठ्याची अशा सगळ्या किल्ल्या लटकत होत्या. त्या वजनाने लॉक झिजतं, त्या काढायला लावल्या.

नवी बॅटरी परत घ्या, असं भाचा दुकानदाराला म्हणाला. तो नाही म्हणाला, आणि त्याचंही बरोबरच होतं. आता प्रश्न घेऊ.