न धुतलेला रोल किती वर्षं टिकतो?

मार्केट यार्डातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे : 'गाळ्यातलं जुनं कपाट आवरताना कॅमेऱ्याचा रोल सापडला. फोटो काढून झालेले, पण धुवायला टाकायचा राहून गेला. वीसेक वर्षं झाली असतील. आता काही निघेल का?'

बहुधा निघेल, कितपत, ते त्या कपाटावर अवलंबून. बटण दाबल्यावर फिल्मवर उमटते ती सुप्त प्रतिमा. प्रकाश पडला की सिल्व्हर ब्रोमाइडच्या स्फटिकात चांदीचे मोजके अणू एकत्र येतात. चारेक अणूंचा पुंजका जमला, की अब्जावधी आयनांचा तो अख्खा स्फटिक डेव्हलपरमध्ये काळा पडतो! १९३८ मध्ये गर्नी आणि मॉट यांनी या घडामोडीची उकल केली. हवेतला ऑक्सिजन आणि ओल हे पुंजके हळूहळू खातात, त्यामुळे चित्र फिकं होतं. दुसरीकडे उष्णतेमुळे प्रकाश न पाहिलेले स्फटिकही काळे पडू लागतात. यालाच फिल्म 'फॉग' होणं म्हणतात. रंगीत फिल्मचे तिन्ही थर एकाच वेगाने बिघडत नाहीत, म्हणून रंगही भलतेच येतात.

उपाय यार्डातल्या माणसाला वेगळा सांगायला नको : कोल्ड स्टोरेज. माल बटाट्याचा असो की फिल्मचा, थंडीत रासायनिक क्रिया मंदावतात. १८९७ मध्ये फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघालेला आंद्रेचा स्वीडिश चमू परतलाच नाही. १९३० मध्ये एका आर्क्टिक बेटावर त्यांचे अवशेष आणि फिल्म सापडल्या. हर्ट्झबर्ग या तंत्रज्ञाने त्या धुतल्या आणि तब्बल ३३ वर्षांनी ९३ छायाचित्रं हाती आली.

मात्र एक शत्रू थंडीलाही जुमानत नाही : वैश्विक किरण. त्यांच्यामुळेही फिल्म फॉग होते आणि फ्रीजचं दार त्यांना अडवू शकत नाही. पण छायाचित्रकाराचा हा शत्रू भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरींना हवाच होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी आणि देवेंद्रमोहन बोस यांनी दार्जिलिंग, सांदकफूच्या उंचीवर फोटोच्या प्लेट महिनोन्महिने ठेवल्या, मग धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली वैश्विक किरणांतल्या मेसॉन कणांचे माग शोधले. निष्कर्ष 'नेचर'मध्ये छापून आले. युद्धामुळे अधिक चांगल्या प्लेट मात्र मिळाल्या नाहीत. पुढे सुधारित प्लेट वापरून सेसिल पॉवेल यांनी काम तडीस नेलं आणि १९५० चं नोबेल त्यांना मिळालं. पॉवेल यांचं श्रेय नाकारायचं कारण नाही. पण बिभाबाई नंतर मुंबईच्या टीआयएफआरमध्ये संशोधन करत होत्या, हे तरी आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

तर, वाचकहो, काढलेला रोल लगेच धुवायला टाका. थांबावंच लागणार असेल, तर हवाबंद डबीत सिलिका जेलच्या पुडीसह फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर दोनेक तास डबी उघडू नका, नाहीतर पावसाळ्यात फिल्मवर दव धरतं. सापडलेल्या रोलवर 'कोडाक्रोम' लिहिलेलं असेल, तर रंगांची आशा सोडा. ती प्रक्रिया जगभर बंद झाली आहे. साधा रंगीत रोल असेल, तर तो किती जुना आहे हे लॅबवाल्याला आधीच सांगा आणि कृष्णधवल रसायनात धुता येईल का, ते विचारा. रंग जातील, पण माणसं ओळखू येण्याची शक्यता वाढेल.